दाराचा क्रमांक आणि डोलीतील माणूस

संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर बसवलेल्या फायरवॉलला एकच निर्णय दर क्षणी हजारो वेळा घ्यावा लागतो, तो म्हणजे समोर आलेली माहिती पुढे जाऊ द्यावयाची की अडवावयाची. हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा याची दोन उत्तरे गेल्या साडेतीन दशकांत पुढे आली आहेत. माहिती कोणत्या क्रमांकाच्या दाराकडे निघाली आहे ते पाहावे, असे पहिले उत्तर सांगते. दाराचा क्रमांक कोणताही असो, त्या दारातून प्रत्यक्षात कोणते काम चालले आहे ते ओळखावे, असे दुसरे सांगते. पहिल्या रीतीने लिहिलेल्या नियमांना पोर्टवर आधारित धोरण म्हणतात आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या नियमांना ॲप्लिकेशनवर आधारित धोरण म्हणतात. वरवर हा तंत्रज्ञांच्या आपसातील वाद वाटतो. परंतु पतसंस्थेच्या ठेवी, दवाखान्यातील नोंदी आणि व्यापाऱ्याची खातेवही ज्या तारेवरून ये-जा करतात, त्या तारेचे रक्षण यांपैकी कोणत्या रीतीने होते, हा प्रश्न आता सर्वांच्या घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

बऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील शाहपूर हे मध्य प्रदेशातील गाव खानदेशाला इतके लागून आहे, की तेथील बाजाराची बोली आणि पिकांचा हंगाम दोन्ही सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखेच आहेत. केळीच्या व्यापाराचे हिशेब, बँकेच्या शाखेचे व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे, मध्य प्रदेश शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या एमपी ऑनलाइनच्या केंद्रांतून भरले जाणारे अर्ज, हे सगळे अशा गावातही आज इंटरनेटवरूनच चालते. मोठ्या शहरातील कंपनीत फायरवॉलची देखरेख करण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो; लहान गावातील कार्यालयात मात्र पुरवठादाराने पहिल्या दिवशी जे नियम भरून दिले तेच वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि ते बहुधा पोर्टवर आधारित असतात. म्हणून या दोन धोरणांतील फरक समजून घेण्याची गरज लहान गावांना अधिक आहे.

पोर्ट म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. परंतु एकाच संगणकावर टपाल, संकेतस्थळ, फायलींची देवाणघेवाण अशी अनेक कामे एकाच वेळी चालू असल्यामुळे, आलेली माहिती त्यांपैकी कोणत्या कामाकडे सोपवावयाची हे सांगणारा आणखी एक आकडा लागतो, तो पोर्ट. वाड्याचा पत्ता एकच आणि आत खोल्या अनेक, अशी ही रचना आहे. पोर्टच्या आकड्यासाठी सोळा बिटांची जागा राखलेली असल्यामुळे ० पासून ६५,५३५ पर्यंतचेच क्रमांक संभवतात, आणि त्यांतील ० ते १०२३ हे ठरावीक सेवांसाठी नेमून दिलेले आहेत : टपाल पाठवण्यासाठी २५, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेसाठी ५३, साध्या संकेतस्थळांसाठी ८० आणि कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात पाठवलेल्या, संकेतस्थळांसाठी ४४३.

हे क्रमांक कोणत्याही भौतिक नियमातून निघालेले नाहीत, ती एक आपसात मान्य केलेली प्रथा आहे, ही गोष्ट पुढच्या सर्व विवेचनाचा पाया आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी अनेक वर्षे या क्रमांकांची यादी सांभाळली, आणि ज्यांना नवी सेवा सुरू करावयाची असेल त्यांनी पोस्टेल यांच्या कार्यालयाला लिहून क्रमांक मागावा अशी रीत होती. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करता यावे म्हणून एसएसएच ही प्रणाली लिहिली. फायली पाठवण्याच्या जुन्या एफटीपी सेवेचा क्रमांक २१ होता, दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या टेलनेट सेवेचा २३ होता आणि मधला २२ मोकळा होता; म्हणून त्यांनी पत्र पाठवून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळाला. आज जगभरातील सर्व्हर ज्या दारातून चालवले जातात त्या दाराचा क्रमांक असा एका पत्रव्यवहारातून ठरला. पण ज्याला २२ ऐवजी ४४३ या दाराने एसएसएच चालवावयाचे आहे, त्याला अडवणारे त्या प्रथेत काहीच नाही.

इंटरनेटवर माहिती सलग प्रवाहासारखी जात नाही, तिचे लहान लहान तुकडे करून पाठवले जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर एक शीर्षक असते; त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, प्रोटोकॉल म्हणजे संवादाची पद्धत, आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट असतात. टीसीपी या पद्धतीच्या शीर्षकातील अगदी पहिली दोन बाइट पाठवणाऱ्याच्या पोर्टची आणि पुढची दोन घेणाऱ्याच्या पोर्टची असतात. पोर्टवर आधारित फायरवॉल मुख्यतः एवढेच वाचते, आणि आतील मजकूर न उघडता आपल्या यादीतील नियम वरून खाली ताडून पाहते. जो नियम पहिल्यांदा जुळेल तो लागू होतो आणि एकही जुळला नाही तर यादीच्या तळाशी असलेला शेवटचा नियम पॅकेट टाकून देतो. केळीचा ट्रक रस्त्याला लागतो तेव्हा चालकाच्या हातात बिल्टी असते, तिच्यावर माल कोणाचा, कोठून कोठे आणि काय हे लिहिलेले असते. शीर्षक म्हणजे पॅकेटची बिल्टी. ती पाठवणाऱ्याने लिहिलेली असते, आणि ताडपत्रीखाली खरोखर तोच माल आहे याची हमी ती देऊ शकत नाही.

असे असूनही ही पद्धत भाबडी होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत पॅकेट गाळण्याच्या कल्पनेवर काम चालू होते, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने तेव्हाच्या लहानशा इंटरनेटला हादरा दिल्यावर वेशीवर पहारा हवा ही जाणीव पक्की झाली. पुढे इस्रायलमधील चेक पॉइंट या कंपनीने १९९४ मध्ये जी फायरवॉल बाजारात आणली, तिने संभाषणाची स्मृती ठेवण्याची पद्धत रूढ केली : आतील संगणकाने बाहेर विचारणा केली असेल तरच बाहेरून येणारे उत्तर आत घ्यावयाचे, एरवी नाही. त्या काळात एक काम म्हणजे एक पोर्ट हे समीकरण बव्हंशी खरे होते, त्यामुळे २३ बंद केले म्हणजे टेलनेट बंद झाले आणि २५ उघडले म्हणजे टपाल सुरू झाले, असे म्हणण्यात फारशी चूक नव्हती. यंत्राची ताकदही मर्यादित होती. चार आकडे वाचून निर्णय घेणे जलद होते आणि स्वस्तही.

हे समीकरण बिघडले ते पहाऱ्याच्याच यशामुळे. बहुतेक संस्थांनी ८० आणि ४४३ सोडून बाकीची दारे बंद केली, तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आपापली कामे त्याच दोन दारांतून नेण्यास सुरुवात केली, कारण ती उघडी असणारच याची खात्री होती. संवादाच्या सोयी, फायली साठवण्याच्या सेवा, चित्रफिती, दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची साधने, एवढेच नव्हे तर घुसखोर प्रोग्रामांचा आपल्या धन्याशी होणारा संवाद, हे सारे एकाच दाराने ये-जा करू लागले. स्काइपसारखे प्रोग्राम तर एक पोर्ट बंद आढळला की दुसरा शोधून पाहत, आणि काहीच जमले नाही तर शेवटी ८० किंवा ४४३ कडे वळत. ज्या नियमात ‘४४३ ला परवानगी’ एवढेच लिहिलेले आहे, तो नियम आज प्रत्यक्षात ‘जवळजवळ सर्व गोष्टींना परवानगी’ असे म्हणत असतो, आणि ज्याने तो लिहिला त्याला हे बहुधा ठाऊक नसते. पोर्टवर आधारित धोरणाविरुद्धचा खरा आक्षेप हा आहे. ते ढिले आहे ही वेगळी गोष्ट; ते ढिले असूनही कागदावर कडक दिसते, यात धोका आहे.

शाहपूरच्या वाचकाला याचा अर्थ समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून असलेला असीरगड चढाई करून घेणे जवळजवळ अशक्य मानले जाई, आणि बऱ्हाणपूर वसवणाऱ्या नसीर खान फारुकीने पंधराव्या शतकाच्या आरंभी तो गडाचा धनी आसा अहिर याच्याकडून कसा घेतला याची हकिकत फेरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. नसीर खानाने शत्रूच्या भीतीचे कारण सांगून आपल्या घरच्या स्त्रियांना गडावर आश्रय मागितला. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या, त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या, आणि आसाच्या घरातील बायकांनी त्यांची भेटही घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या येत असल्याचा निरोप आला, दरवाजे उघडले गेले, आसा आपल्या मुलांसह सामोरा गेला. या डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते. गडाचे दार योग्य होते, आलेल्यांचा निरोप योग्य होता, डोल्याही कालच्यासारख्याच होत्या. फक्त पडदा उचलून पाहिला गेला नव्हता.

या हकिकतीतील पहिला दिवस विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण ॲप्लिकेशन ओळखणाऱ्या फायरवॉलची सर्वांत अवघड कसोटी तेथेच आहे. कोणतेही टीसीपी संभाषण सुरू होताना दोन्ही बाजूंमध्ये तीन पॅकेटांची देवाणघेवाण होते, ज्यांत सहसा मजकूर काहीच नसतो. ‘बोलू का’, ‘बोल, मीही बोलतो’, ‘ठीक’ एवढाच त्यांचा आशय असतो. या तीन पॅकेटांवरून आतील काम ओळखणे शक्य नसते, म्हणून फायरवॉल ती पुढे जाऊ देते आणि मजकुराची पहिली पॅकेटे येताच ती तपासते. एसएसएचचे संभाषण स्वतःचे नाव आणि आवृत्ती साध्या अक्षरांत सांगून सुरू होते. जुन्या संकेतस्थळाची विचारणा ‘गेट’ या शब्दाने सुरू होते. कूटबद्ध संभाषणाच्या पहिल्या नोंदीचे पहिले बाइट २२ असते. बिटटॉरेंट या फायली वाटण्याच्या पद्धतीचे पहिले बाइट १९ असते, कारण त्यानंतर येणाऱ्या तिच्या नावात नेमकी १९ अक्षरे आहेत. अशा खुणांना स्वाक्षरी म्हणतात. ४४३ या दारातून एसएसएचची स्वाक्षरी दिसली, तर पोर्ट पाहणारी फायरवॉल ती जाऊ देईल, आणि स्वाक्षरी पाहणारी ती ओळखून नियमाप्रमाणे अडवेल.

पण एकदा ओळख पटली म्हणून काम संपत नाही, कारण संभाषण मध्येच रूप बदलू शकते. एखाद्या संकेतस्थळावर साधे पान उघडले जाते तेव्हा फायरवॉल त्याला ‘वेब पाहणे’ असे नाव देते. त्याच जोडणीवर पुढे गप्पा सुरू झाल्या किंवा फाइल चढवली जाऊ लागली, की तिने ते नाव बदलून नियमांची यादी पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिली पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांचा पडदा पुन्हा उचलणे म्हणजे हेच. चेक पॉइंटमध्ये पूर्वी काम केलेल्या नीर झुक यांनी २००५ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्स ही कंपनी स्थापन केली, ती याच कल्पनेवर : नियमाच्या केंद्रस्थानी पोर्ट नसावा, ॲप्लिकेशन असावे, आणि त्याच्या जोडीला ते कोण वापरतो हेही असावे. गार्टनर या सल्लागार संस्थेने २००९ मध्ये या वर्गाच्या यंत्रांची व्याख्या ‘पुढल्या पिढीची फायरवॉल’ अशी प्रसिद्ध केल्यावर ते नाव बाजारात रुजले, आणि आज बहुतेक सर्व उत्पादकांच्या यंत्रांत ही सोय कमी-अधिक प्रमाणात असते.

व्यवहारात फरक कसा पडतो ते एका लहान कार्यालयाच्या नियमांतून पाहता येईल. केळीच्या आडतीचे हिशेब ठेवणारे, पाच-सहा संगणकांचे एखादे कार्यालय घेतले, तर तेथील पोर्टवर आधारित धोरण साधारणपणे तीन ओळींचे असते : आतून बाहेर ५३, ८० आणि ४४३ ला परवानगी, आतील छपाईयंत्राला आतूनच परवानगी, बाकी सर्व बंद. आता या कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याला बँकेतून बोलत असल्याची बतावणी करणारा दूरध्वनी येतो आणि ‘एनीडेस्क उतरवून घ्या, मी अडचण सोडवून देतो’ असे सांगितले जाते. एनीडेस्क हे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याचे वैध साधन आहे आणि अनेक प्रामाणिक तंत्रज्ञ ते रोज वापरतात. परंतु त्याच्या आडून खाती रिकामी करण्याचे प्रकार इतके वाढले, की रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना त्याविषयी सावध केले. हे साधन ८० आणि ४४३ या दारांतूनही चालते. त्यामुळे वरील तीन ओळींच्या धोरणाला ते अडवता येत नाही. अडवावयाचेच म्हटले तर ४४३ बंद करावे लागेल, आणि मग बँकही बंद, जीएसटीही बंद.

ॲप्लिकेशनवर आधारित धोरणात हीच परिस्थिती निराळ्या भाषेत लिहिता येते. हिशेबाच्या दोन संगणकांना बँकेची आणि कराची संकेतस्थळे. सर्वांना वेब पाहणे आणि टपाल. दुरून संगणक चालवणारी साधने कोणालाही नाहीत, अपवाद फक्त हिशेबाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती करणाऱ्या ठरलेल्या तंत्रज्ञाच्या एका साधनाचा, तोही कामाच्या वेळेतच. फायली बाहेर साठवण्याची एकच सेवा, बाकीच्या बंद. हे नियम मोठ्याने वाचले तर कार्यालयाच्या मालकालाही समजतात आणि ‘हे चूक आहे, दुरुस्तीवाला रविवारी येतो’ असे तो सांगू शकतो. या पद्धतीचा खरा लाभ येथे आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. आकड्यांचे धोरण फक्त तंत्रज्ञाला वाचता येते. कामांचे धोरण ज्याचे काम आहे त्याला वाचता येते.

मात्र नव्या पद्धतीत पोर्ट निरुपयोगी होतो, असा जो समज पसरवला जातो तो चुकीचा आहे. ‘डीएनएसला परवानगी’ एवढेच म्हटले आणि पोर्ट कोणताही चालेल असे सोडले, तर ओळख पटेपर्यंतची पहिली पॅकेटे कोणत्याही दारातून आत-बाहेर जाऊ शकतात, आणि घुसखोराला चाचपणीसाठी तेवढे पुरते. म्हणून चांगले धोरण दोन्ही अटी एकत्र घालते : काम डीएनएसच असले पाहिजे आणि ते ५३ या आपल्या नेहमीच्या दारानेच आले पाहिजे. ५३ वरून दुसरेच काही आले तर ते अडवले जाते आणि डीएनएस भलत्याच दाराने आले तरीही अडवले जाते.

पोर्ट या शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ बंदर, आणि जून २०१७ मध्ये हे दोन्ही अर्थ न्हावा-शेवा येथे एकत्र आले. २७ जून रोजी युक्रेनमधून सुटलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातील यंत्रणा बंद पाडली, आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का त्याच समूहाकडे असल्यामुळे तेथील कामकाज कोलमडले. मर्स्कने पुढे सांगितल्याप्रमाणे तिला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. हा प्रोग्राम जाळ्याच्या आत पसरला तो दोन मार्गांनी. एक मार्ग ४४५ या पोर्टवरील फायली वाटण्याच्या सेवेतील दोषाचा, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. दुसरा अधिक कठीण : संगणकाच्या स्मृतीतून चोरलेले संकेतशब्द वापरून, व्यवस्थापक जी साधने रोज वापरतात त्याच साधनांनी तो शेजारच्या संगणकावर जाई. आणि मुळात तो आत आला होता तो एम.ई.डॉक या युक्रेनमधील करविषयक सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून.

या घटनेपुढे दोन्ही धोरणांची मर्यादा उघडी पडते आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कार्यालयातील एका संगणकाने दुसऱ्याकडे ४४५ ने जाण्याचे बहुधा काही कारणच नसते, म्हणून जाळ्याचे आतून कप्पे पाडून साधा पोर्टचा नियम लावला असता तरी पहिला मार्ग बऱ्याच अंशी अडला असता. दुसऱ्या मार्गासाठी कोणते व्यवस्थापकीय साधन कोणत्या संगणकावरून कोण वापरू शकतो हे सांगणारा, म्हणजे ॲप्लिकेशन आणि वापरकर्ता दोन्ही ओळखणारा नियम लागतो. पण ज्या सॉफ्टवेअरवर विश्वास आहे त्याच्याच अद्ययावतीकरणातून विष आले, तर कामाचे नाव अचूक ओळखूनही ते काम विषारी आहे हे कळत नाही. डोलीत स्त्रीच आहे याची खात्री पटली, तरी तिच्या पदराआड काय आहे हा प्रश्न उरतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यातही असेच काही दिसते. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेद्वारे जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले, आणि एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर गेले. एटीएमच्या मागण्यांना होकार-नकार देणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला बनावट स्विच उभा केला होता आणि तो प्रत्येक मागणीला होकार देत होता. संदेशांचे रूप योग्य, त्यांची वाट योग्य. उत्तर देणारा मात्र भलताच. या हल्ल्याचा ठपका एखाद्या फायरवॉलच्या नियमावर ठेवता येणार नाही. पण कोणत्या यंत्राने कोणाशी कोणते काम करावयाचे हे काटेकोर लिहिणे किती गरजेचे आहे, ते त्यातून दिसले. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या व्यवहारांच्या स्वरूपाप्रमाणे चार पायऱ्यांची व्यापक चौकट आणली.

आतील मजकूर पाहण्याच्या मार्गातील सर्वांत मोठा अडसर कूटबद्धतेचा आहे, आणि तो अडसर समाजाच्या हिताचाच आहे. आज बहुतेक संवाद कूटबद्ध असल्यामुळे फायरवॉलला पडदा उचलता येत नाही, फक्त पडद्याबाहेर दिसणाऱ्या खुणांवर भागवावे लागते : संभाषणाच्या आरंभी उघडपणे पाठवले जाणारे संकेतस्थळाचे नाव, पॅकेटांचे आकार, त्यांचा क्रम. ऑगस्ट २०१८ मध्ये ठरलेल्या टीएलएस १.३ या कूटबद्धतेच्या नव्या पद्धतीत सर्व्हरचे प्रमाणपत्रही झाकले गेले. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या पद्धतीत संभाषण टीसीपी सोडून यूडीपी या दुसऱ्या संवादपद्धतीच्या ४४३ वरून जाते, म्हणून अनेक संस्था ती पद्धतच बंद ठेवतात, म्हणजे ब्राउझर आपोआप जुन्या वाटेवर येतो. याहून पुढचा उपाय म्हणजे फायरवॉलने मध्ये बसून संभाषण उलगडणे, तपासणे आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवणे. त्यासाठी कार्यालयातील प्रत्येक संगणकाला फायरवॉलच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्यास शिकवावे लागते. तसे केल्यावर कर्मचाऱ्याचा बँकेतील शिल्लक आकडा, त्याच्या आजाराचा अहवाल, त्याचे खासगी पत्र, सारे त्या यंत्रापुढे उघडे होते. म्हणून बँक आणि आरोग्य या वर्गांतील संकेतस्थळे उलगडण्यातून वगळण्याची रीत आहे, आणि ती सोय म्हणून न पाहता कर्तव्य म्हणून पाळली पाहिजे. कर्मचाऱ्यांना आधी सांगितल्याशिवाय तर उलगडणे सुरूच करू नये. डोलीचा पडदा उचलण्याचा अधिकार गडकऱ्याला असला, तरी आत बसलेल्याची अब्रूही त्यालाच राखावयाची असते.

जुन्या धोरणाकडून नव्याकडे जाणे हे एका रात्रीचे काम नाही, आणि घाईने केले तर कार्यालय ठप्प होते. रूढ रीत अशी, की जुना पोर्टचा नियम तसाच ठेवून त्याच्यामधून प्रत्यक्षात कोणकोणती कामे जातात याची नोंद काही आठवडे पाहावी. नोंदीत दिसलेल्या कामांपैकी जी हवीत त्यांचे नवे नियम जुन्याच्या वरती लिहावेत, म्हणजे यादी वरून खाली वाचली जात असल्यामुळे ओळखीची वाहतूक नव्या नियमाला जुळेल आणि अनोळखी तेवढी खालच्या जुन्या नियमात पडेल. मग त्या अनोळखीचा एकेक करून छडा लावावा. या टप्प्यावर यंत्रापेक्षा माणसाला अधिक विचारावे लागते. नोंदीत ‘अज्ञात’ म्हणून दिसणारी वाहतूक कधी घुसखोर असते, तर कधी काट्यावरील वजन कार्यालयात पाठवणारे, कोणा स्थानिक तंत्रज्ञाने लिहिलेले छोटे सॉफ्टवेअर असते, आणि ते कोणते हे फक्त काट्यावर बसणारा माणूस सांगू शकतो. सीईआरटी-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये नोंदी १८० दिवस राखण्याचा आणि सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा निर्देश दिला; त्यामुळे अशा नोंदी ठेवणे तसेही आवश्यक झाले आहे, प्रश्न फक्त त्या उघडून वाचण्याचा उरतो.

खालचा जुना नियम कधी खोडावा, याविषयी मतभेद आहेत. तीस दिवस त्यातून काही गेले नाही की तो काढावा, असे अनेकदा सुचवले जाते. परंतु भारतीय कार्यालयाच्या वर्षाचा आकार पाहता ही मुदत फार थोडी वाटते. जीएसटीचे काही काम महिन्याचे असते, काही तिमाहीचे. लेखापरीक्षकाचे सॉफ्टवेअर वर्षातून एकदाच जोडले जाते. केळीचा हंगाम ओसरल्यावर काट्याचा संगणक काही आठवडे बंदच असतो. अशा कार्यालयात जुना नियम किमान एका ३१ मार्चच्या पुढे जाईपर्यंत, रोज त्याची नोंद तपासत, राहू द्यावा आणि त्या दिवशी त्यातून काय गेले ते लिहून घेऊनच तो काढावा.